पाटल्या मोडायच्या आधी बाबांना हे वाचून दाखव

पत्र: ताई, नमस्कार. मी २६ वर्षांची आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. नऊ वर्षांची असल्यापासून मला टाइप वन डायबेटीस आहे, दिवसाला चार वेळा इन्सुलिन घेते. शाळेत हे फक्त दोघींना माहीत आहे. आता मामाने पुण्याचं स्थळ आणलंय. मुलगा चांगला वाटतो. आत्या म्हणते, लग्न ठरेपर्यंत आजाराचा शब्द काढायचा नाही. त्यातच बाबांना कुणीतरी एका कंपनीचं माहितीपत्रक दिलं. कंपनी लहान आहे, जुनाट आजारांवर पेशींचे उपचार शोधते असं त्यात लिहिलंय. पोटावरची थोडी चरबी काढून त्यातल्या मूलपेशी (ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात त्या) सलाइनमधून देतात, त्याच दिवशी घरी सोडतात. असं तीन वेळा, साडेसहा लाख रुपये. दुसऱ्या वेळेनंतर इन्सुलिन निम्मं, तिसऱ्यानंतर बंद. तिथल्या डॉक्टरांनी चीनमधल्या एका मुलीची बातमी दाखवली. ती माझ्याच वयाची आहे आणि तिचं इन्सुलिन सुटलंय. बाबांनी पंचवीस हजार भरलेत. बाकीच्यासाठी एफडी आणि आईच्या पाटल्या मोडणार आहेत. पंधरा तारखेला पहिली वेळ आहे. मला भीती वाटते, पण बाबांचं तोंड बघवत नाही. आणि खरं सांगू? मनात येतं, ती बातमी खरी असेल तर? — एक वाचक

अगं, ती बातमी खरी आहे. आधी तेच सांगते, कारण तुझ्या मनातली आशा चुकीची नाही आणि तिची लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही. पण त्या बातमीचा आणि बाबांच्या हातातल्या माहितीपत्रकाचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे नीट समजलं की बाबांना काय सांगायचं ते तुला आपोआप सुचेल.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती मी हात जोडून सांगते. तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी रीडिंग बघून सांगितल्याशिवाय इन्सुलिनचं एक युनिटसुद्धा कमी करू नकोस. पंधरा तारखेला घरात काहीही ठरो, हे मोडायचं नाही. असं का म्हणते ते पुढे लिहिते.

आता चीनची ती मुलगी. तियानजिन शहरातली, २५ वर्षांची. पेकिंग विद्यापीठातले देंग होंगक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी तिच्या शरीरातल्या पेशी घेतल्या आणि रसायनांच्या मदतीने त्या मागे मागे नेत थेट गर्भातल्या पेशींच्या अवस्थेला आणल्या. तिथून पुन्हा एकेक पायरी चढवत त्यांचे स्वादुपिंडातल्यासारखे इन्सुलिन करणारे पुंजके तयार केले, प्राण्यांमध्ये तपासले, आणि जून २०२३ मध्ये तिच्या पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली बसवले. अडीच महिन्यांनी तिला बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागेनासं झालं. पुढे २०२४ मध्ये हे सगळं शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. मात्र ही बातमी दाखवणाऱ्या डॉक्टरांनी तुला एक सांगितलं नसणार. त्या मुलीचं आधी लिव्हर बदललेलं होतं आणि त्यासाठी शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं ती घेतच होती.

हे महत्त्वाचं का, ते तुझ्या आजाराच्या मुळाशी गेल्यावर कळतं. टाइप वनमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशींना परकं समजून मारून टाकते. कुंपणानेच शेत खावं तसं. नवीन पेशी कितीही चांगल्या पेरल्या तरी ते कुंपण जागेवरच असतं आणि भुकेलेलंच असतं. म्हणून जगात आजवर जिथे जिथे अशा पेशी बसवल्या, तिथे दोन प्रश्न सोडवावे लागले: इन्सुलिन करणारी पेशी आणायची कुठून, आणि ती जगवायची कशी. तुझ्या माहितीपत्रकात या दोन्हींचं उत्तर नाही. चरबीतून निघणाऱ्या पेशी इन्सुलिन करत नाहीत. सकाळी काढल्या आणि संध्याकाळी सलाइनमध्ये सोडल्या म्हणून वाटेत त्या बीटा पेशी होत नाहीत. ज्वारीच्या पोत्यात हात घातला तर ज्वारीच हाताला लागणार. या पेशींनी प्रतिकारशक्ती थोडी शांत होते का, यावर संशोधन चाललं आहे, आणि तेही प्रामुख्याने ज्यांचा आजार नुकताच सुरू झाला आहे आणि ज्यांच्या थोड्या बीटा पेशी अजून शिल्लक आहेत अशांमध्ये. तुला १७ वर्षं झाली.

ज्या लहान कंपनीची गोष्ट तुला सांगावीशी वाटते ती अमेरिकेतली आहे, आणि तीही एका बापापासूनच सुरू होते.

डग्लस मेल्टन हे तेव्हा हार्वर्डमधले जीवशास्त्रज्ञ, बेडकाच्या गर्भाची वाढ कशी होते यावर काम करणारे. १९९१ मध्ये त्यांचा मुलगा सॅम सहा महिन्यांचा असताना त्याला टाइप वन असल्याचं निघालं. सहा महिन्यांचं बाळ! भूक लागली, डोकं दुखतंय, गरगरतंय, यातलं काहीही ते बोलून दाखवू शकत नाही. मेल्टनांनी बेडूक सोडले आणि उरलेलं आयुष्य बीटा पेशीला द्यायचं ठरवलं. दहा वर्षांनी त्यांच्या मुलीला, एमाला, चौदाव्या वर्षी तोच आजार झाला. २००१ मध्ये अमेरिकी सरकारने गर्भाच्या मूलपेशींवरच्या संशोधनाला पैसे देण्यावर बंधनं घातली, तेव्हा खासगी देणग्यांवर वेगळी प्रयोगशाळा चालवावी लागली. २००४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने मूलपेशींच्या १७ नवीन मालिका तयार केल्या आणि मागेल त्या शास्त्रज्ञाला फुकट दिल्या. साखर वाढली की इन्सुलिन सोडणाऱ्या माणसाच्या बीटा पेशी भरपूर प्रमाणात करायची रीत त्यांनी छापली ती ऑक्टोबर २०१४ मध्ये. म्हणजे सॅम २३ वर्षांचा झाल्यावर. त्याच सुमाराला त्यांनी एक लहानशी कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं सेमा. सॅम आणि एमा, दोघांची नावं जोडून.

बाबांना हा भाग सावकाश वाचून दाखव. ज्या बापाकडे हार्वर्डची प्रयोगशाळा होती, दोन्ही मुलांना रोज टोचून घ्यावं लागत होतं, आणि ज्याच्या हाताशी त्या पेशी होत्या, त्याने त्या घरी नेऊन मुलांना दिल्या नाहीत. का दिल्या नसतील, हे तुमच्या घरात एकमेकांना विचारून बघा.

२०१९ मध्ये व्हर्टेक्स या मोठ्या औषध कंपनीने सेमा ९५ कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला त्या पेशी दिल्या गेल्या. पोटातून लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत त्या सोडतात आणि लिव्हरमध्येच त्या मुक्काम करतात. जून २०२५ मध्ये निकाल आले. ज्या १२ जणांना पूर्ण मात्रा मिळाली होती, त्यांतल्या १० जणांना एका वर्षानंतर बाहेरच्या इन्सुलिनची गरज उरली नव्हती, आणि बाराही जणांचं साखर एकदम उतरून बेशुद्ध पडणं थांबलं होतं. ही फार मोठी गोष्ट आहे. मी ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचं कारण पुढे येईल.

पण तोच निकाल पुढे वाचायचा असतो. या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात. त्या चाचणीत दोघांचा मृत्यू झाला. एकाला मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग झाला होता, दुसऱ्याचा मेंदूचा जुना आजार बळावला होता. चाचणीत घेतलेही होते ते असेच लोक, ज्यांना साखर उतरत असल्याची जाणीवच होत नाही आणि जे वर्षात निदान दोनदा तशा गंभीर अवस्थेत गेले आहेत. अशा माणसासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ आहे, कारण त्याचा जीव तसाही रोज टांगणीला लागलेला असतो. जिला हायपोची, म्हणजे साखर उतरत असल्याची, चाहूल लागते, जी वर्गात शिकवता शिकवता टेबलाच्या खणातली खडीसाखर तोंडात टाकू शकते, तिच्यासाठी हिशोब वेगळा आहे. शिवाय तुझं लग्नाचं वय, पुढे मूल हवं असेल. अशा औषधांवर असताना गरोदरपण हा स्वतंत्र आणि अवघड प्रश्न होतो.

मग औषधंच लागू नयेत म्हणून याच कंपनीने दुसरी वाट धरली. पेशी एका छोट्या पेटीत बंद करायच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीचा हात त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. मार्च २०२५ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की पेटीतून पुरेसं इन्सुलिन मिळत नाही, आणि तो प्रयत्न थांबवला. इतके पैसे, इतकी वर्षं घालून जमलं नाही तर जमलं नाही असं सांगितलं. खरं काम करणाऱ्यांची ही खूण लक्षात ठेव. स्वीडनमधल्या उप्साला इथे आणखी एका कंपनीच्या पेशी आहेत, जनुकांत बदल करून प्रतिकारशक्तीपासून लपवलेल्या. औषधं न देता एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत त्या बसवल्या आणि त्या जगल्या. मात्रा लहान ठेवली होती, त्याचं इन्सुलिन सुटलं नाही, पण पेशी जिवंत राहिल्या आणि काम करत होत्या. माझी सगळ्यांत जास्त नजर तिकडे आहे.

आणि टिकण्याचंही बघावं लागतं. २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये मृत दात्यांच्या स्वादुपिंडातले पुंजके सात रुग्णांना दिले आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. जगभर आनंद झाला. त्याच गटाने पाच वर्षांनी पुन्हा मोजलं, तेव्हा तिथे हा उपचार घेतलेल्यांपैकी शंभरातले साधारण दहाच जण इन्सुलिनशिवाय होते. म्हणून तीन महिन्यांनी शुगर चांगली आली, असं कुणाचा फोटो दाखवून सांगितलं की मी विचारते, पाचव्या वर्षी काय झालं? उपचार घेतल्यानंतर काही दिवस माणूस जपून खातो, चारदा मोजतो, फिरायला जातो. लाखो रुपये भरल्यावर कोण नाही जाणार? आजार नवा असेल तर पहिल्या काही महिन्यांत इन्सुलिनची गरज आपोआप कमी होण्याचा काळही येतो. त्याचं श्रेय सलाइनला जातं.

आता मी इन्सुलिनसाठी हात का जोडले ते सांगते.

माझ्या धाकट्या भावाला टाइप वन आहे. तो आठ वर्षांचा होता, मी बाराची. साल १९७४. तेव्हा बोटाला टोचून शुगर बघणं आमच्याकडे नव्हतंच. त्याची लघवी तपासायचं काम माझं होतं. परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी तिरकी धरून उकळायची. सरळ धरली तर उसळून हातावर येतं, हे मी दोनदा भाजून शिकले. निळंच राहिलं तर देव पावला. हिरवं झालं तर ठीक. पिवळं, मग नारिंगी, मग विटकरी. विटकरी आलं की आई काही न बोलता स्वयंपाकघरात जायची. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायला ठेवलेली असायची, तळाला फडकं घालून, म्हणजे ती आपटून फुटू नये. फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माठाजवळच्या ओल्या वाळूत ठेवायची. आजही ओल्या मातीचा वास आला की मला पावसाआधी ती वाळू आठवते.

दोन वर्षांनी कुणीतरी वडिलांना एका माणसाचं नाव सांगितलं. मुळासकट बरं करतो म्हणाला. पुड्या दिल्या. सुया बंद केल्याशिवाय पुडी लागू पडत नाही म्हणाला. माझे वडील अडाणी नव्हते, पोस्टात होते, रोज पेपर वाचायचे. पण रोज संध्याकाळी पोराच्या मांडीवर सुई टोचणाऱ्या माणसाला "सुया बंद" हे दोन शब्द किती गोड लागत असतील, ते मला आता कळतं. चौथ्या दिवशी पहाटे भाऊ ओकायला लागला. श्वास लांब आणि खोल, धावून आल्यासारखा, आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. त्या वासाचा अर्थ तेव्हा आम्हाला माहीत नव्हता. जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी नेला. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. वडिलांनी त्या माणसाला कधीच शिव्या दिल्या नाहीत. स्वतःला मात्र मरेपर्यंत माफ केलं नाही.

भाऊ, आता दोन वाक्यं तुमच्याशी, या मुलीच्या बाबांशी. मुलीचं दुखणं पैशाने जात असेल तर पाटल्या काय, घर विकावं, हे तुमचं मन मला कळतं. तुम्ही पंचवीस हजार भरलेत यात मला तुमची चूक दिसत नाही. पण साडेसहा लाख घेऊन इन्सुलिन बंद करायला सांगणारा माणूस आणि पुड्या देणारा माणूस यांच्यात फरक आहे तो भिंतीच्या रंगाचा आणि एसीचा. टाइप वनमध्ये इन्सुलिन तोडलं की काही दिवसांत रक्त आंबट होतं आणि जीव जाऊ शकतो. मुलगी तुमचा शब्द मोडणार नाही, म्हणून तुम्हीच तिला हे करू देऊ नका.

आपल्या देशात प्रामाणिक लहान कंपन्या नाहीत असं मुळीच नाही. बेंगळुरूमध्ये स्टेमप्युटिक्स म्हणून कंपनी आहे, २००६ पासूनची. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून तिने उत्पादन तयार केलं, रीतसर चाचण्या केल्या, आणि बर्गर्स डिसीजसारख्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडणाऱ्या आजारासाठी (विडी-सिगरेट ओढणाऱ्या तरुणांचे पाय काळे पडतात तो) आणि नंतर २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी देशाच्या औषध महानियंत्रकांची परवानगी मिळवली. पवईच्या आयआयटीतून निघालेल्या इम्युनोॲक्टने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच पेशींचा उपचार तयार केला, त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती त्यासाठी पवईला आल्या होत्या. दोन्ही कंपन्यांनी एकेका ठरावीक आजारासाठी वर्षानुवर्षं काम केलं. डायबेटीस, ऑटिझम, पक्षाघात, गुडघे, केस गळणं, सगळ्यांवर एकच सलाइन असं त्यांचं नाही. तुझ्या माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला किती आजारांची नावं आहेत ती मोज बघू.

कायदाही स्पष्ट आहे. २०१९ च्या नवीन औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत मूलपेशींपासून केलेलं उत्पादन नवीन औषध धरलं जातं. ते विकायचं किंवा माणसावर तपासायचं तर केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची लेखी परवानगी लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी अस्थिमज्जा बदलणं सोडलं, तर बाकी आजारांवर मूलपेशी फक्त मंजूर चाचणीतच द्यायच्या. आणि चाचणी असेल तर ते प्रायोगिक औषध रुग्णाच्या पैशाने दिलं जात नाही. उलट चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई चाचणी करणाऱ्याने द्यायची असते. संमतीपत्र तुला समजेल त्या भाषेत, म्हणजे मराठीत मागितलंस तर मराठीत, समजावून द्यावं लागतं आणि त्याची प्रत तुझ्याकडे राहते.

"आमची नोंदणी आहे" असं ते म्हणतील. त्यावर एक लक्षात ठेव. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये २०१५ साली तीन बायकांनी एका क्लिनिकमध्ये प्रत्येकी पाच हजार डॉलर भरून पोटाच्या चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या. त्या क्लिनिकची चाचणी सरकारी नोंदवहीत दिसत होती. तिघींचीही दृष्टी पूर्ण किंवा बरीचशी गेली. नोंदवहीत नाव असणं वेगळं आणि परवानगी असणं वेगळं. त्यामुळे नोंदणी क्रमांक सांगितला तर तो सीटीआरआयच्या, म्हणजे आपल्या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या, यादीत शोध, पण पाठोपाठ विचार: केंद्रीय परवानगीचं पत्र कुठे आहे, कोणत्या आजारासाठी आहे, आणि चाचणी असेल तर पैसे कसले? हे तोंडी विचारू नकोस. बाबांच्या सहीने कागदावर लिहून दे आणि पोच घे. माझा अंदाज आहे, उत्तरात कागद येणार नाही, फोन येईल. "सवलत पंधरापर्यंतच आहे" असा.

आता लग्नाचं. मला वाटतं, सगळ्याच्या मुळाशी तेच आहे. घरातले लोक तुझी शुगर बरी करायला निघालेले नाहीत गं, ती लपवायला निघालेत. दोन महिन्यांत इन्सुलिन सुटलं तर कुणाला काही सांगायला नको, हे ते गणित. आत्यांचा हेतू वाईट नाही, त्यांनी मोडलेली लग्नं पाहिली असतील. पण लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात काय होईल, ते डोळ्यांसमोर आण. सासरच्या फ्रीजमध्ये पेन कुठे ठेवणार? जेवायला बसायच्या आधी दर वेळी बाथरूममध्ये जाणार? पाहुण्यांच्या गडबडीत जेवण दोन वाजता आलं आणि तू इन्सुलिन एकला घेतलेलं असलं तर? रात्री शुगर चाळीसवर उतरली, तू घामाने भिजून असंबद्ध बोलायला लागलीस, आणि शेजारी झोपलेल्या माणसाला तू आजारी आहेस हेच माहीत नसलं, तर तो तुझ्या तोंडात साखर घालेल का? तो आधी घाबरेल, मग घरच्यांना उठवेल, आणि तोवर वेळ जाईल. लपवणं नुसतं चूक असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. इथे ते जिवावर बेतू शकतं.

माझा भाऊ मुलगी बघायला गेला तेव्हा कांदेपोहे झाल्यावर ओसरीवर दोघांना पाच मिनिटं बोलायला दिली होती. त्याने सरळ सांगितलं: मला रोज दोन सुया घ्याव्या लागतात, जन्मभर. तिने विचारलं, "मग मला काय करावं लागेल?" तो म्हणाला, "रात्री मी घामाघूम होऊन वेड्यासारखं बोलायला लागलो, तर भांडू नकोस, साखर दे." वहिनीच्या उशाशी आजही पितळेचा छोटा डबा असतो. त्याआधी दोन ठिकाणी नकार आला होता, हेही सांगते. दोन्ही वेळा तो आठ दिवस गप्प होता. आज तो साठी गाठतोय, एका डोळ्याला कमी दिसतं, त्याला दोन मुली आहेत. सेमाच्या पेशींची बातमी मी त्याला फोनवर वाचून दाखवली, तर म्हणाला, "मला नको आता, पण ज्या पोरांना आज निघालंय त्यांच्यासाठी लवकर येऊ दे."

मुलगा तुला चांगला वाटतो असं लिहिलंयस. मग त्याला ठरवू दे. मामांना सांग, बघण्याच्या कार्यक्रमाआधी मला मुलाशी दहा मिनिटं फोनवर बोलायचं आहे. जास्त मोठं करून सांगू नकोस, तुझा दिवस कसा जातो ते सांग: सकाळी किती वाजता पहिलं इन्सुलिन, शाळेत काय, सहलीला मुलांना घेऊन गेलीस तेव्हा काय केलंस. लोक हमखास दोन गोष्टी विचारतात. मूल होईल का? होतं. दिवस राहायच्या काही महिने आधीपासून शुगर आटोक्यात ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखाली. मुलांना होईल का? आईला टाइप वन असेल तर शंभरात साधारण १ ते ४ मुलांना होतो, बाकीच्यांना होत नाही. त्याला हवं तर तुझ्या डॉक्टरांकडे दोघं मिळून जा. जो मुलगा यायला तयार होईल, त्याच्याबद्दल तुला तिथे बसल्या बसल्या बरंच कळेल.

आणि शाळेतल्या आणखी दोघा-तिघांना सांगून ठेव. वर्गात चक्कर आली तर मॉनिटरने कुणाला हाक मारायची, एवढं तरी ठरलेलं हवं.

त्या साडेसहा लाखांतला थोडा भाग तुझ्यावरच खर्च करायचा असेल, तर बाबांना सांग, दंडावर लावायचा सेन्सर घेऊन द्या. रात्री शुगर उतरायला लागली की फोन वाजतो. तुझ्या डॉक्टरांना विचारून सुरू कर. आईच्या पाटल्या आईच्या हातात राहू देत.

पंधरा तारखेआधी करायचं ते एवढंच: येणार नाही असं लेखी कळवा, पंचवीस हजार परत मागा, पावती आणि माहितीपत्रकाच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवा, मूळ प्रत कुणाला देऊ नका. पैसे परत देईनात तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि असा उपचार विकला जातोय ही तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. अर्ज लिहायला जड वाटला तर कच्चा लिहून मला पाठव, मी बघून देते. मुलाशी बोललीस की तेही कळव, होकार येवो की नकार.

— तुझी ताई